कीबोर्डवाल्यांची 'सहा गुपितं' आणि एक कापलेली पिन

जळगाव-धुळ्याकडच्या कलाकारांच्या ग्रुपांत सध्या एक मेसेज फिरतोय: "कीबोर्डवाल्यांनो, स्पीकर घेण्याआधी ही 6 गुपितं वाचा, दुकानदार सांगणार नाही." सहाही इथे सांगून टाकतो, म्हणजे मोडतोड केली असं कुणी म्हणायला नको. एक, 2000 वॅटच्या खाली बघूच नका. दोन, 15 इंचच घ्या, 10 इंच म्हणजे खेळणं. तीन, स्पीकर एकच पुरे, स्टिरिओ कुणाला कळत नाही. चार, ब्लूटूथ असला की वायरींचा ताप गेला. पाच, 'घूं' असा आवाज आला तर प्लगची जाड पिन काढून टाका. सहा, बॅटरीचा ट्रॉली स्पीकर गायक आणि कीबोर्ड दोघांनाही पुरतो.

असले मेसेज मी एरवी न वाचता उडवतो. हा मात्र अमळनेरच्या भाच्याने पाठवला, आणि खाली लिहिलं होतं, "मामा, पाच नंबरनं करी टाकं, घूं बंद व्हई गया." पोरगा लगीनसराईत रोज कुठे ना कुठे हळदीत वाजवतो. म्हणून पाचापासूनच सुरुवात करतो, बाकीचं थांबू शकतं.

घूं बंद होतो, हे खरं आहे. म्हणून तर हा उपाय एवढा पसरलाय. हळदीच्या मांडवात तुमचा स्पीकर घरातल्या बोर्डावर असतो आणि साउंडवाल्याचा मिक्सर जनरेटरवर. दोन्हींची अर्थिंग वेगळी. तुम्ही साध्या जॅकच्या वायरीने एकाचा आवाज दुसऱ्याला दिला की त्या वायरीच्या आतली धातूची जाळी दोन अर्थिंगांना जोडते, तिच्यातून नको तो प्रवाह वाहतो, आणि 50 हर्ट्झच्या विजेचा घूं स्पीकरमधून ऐकू येतो. जाड पिन काढली की ही साखळी तुटते आणि घूं जातो. पण ती पिन घूं करण्यासाठी बसवलेली नाही. स्पीकरच्या आत एखादी वायर सुटून धातूच्या पाठीला टेकली तर करंट जमिनीत जावा आणि फ्यूज उडावा, एवढ्यासाठी ती आहे. पिनच नाही म्हटल्यावर फ्यूज उडत नाही, आणि स्पीकरची मागची प्लेट 230 व्होल्टवर तशीच बसून राहते. जॅकच्या जाळीतून तोच करंट कीबोर्डच्या जॅकपर्यंत येतो, मिक्सरपर्यंत जातो, तिथून माइकच्या दांड्यापर्यंत. मिक्सरची अर्थिंग धड असेल तर कदाचित निभावतं. मांडवातल्या जनरेटरची अर्थिंग कुणी कधी तपासलीय?

आता हळदीचा मांडव डोळ्यांपुढे आणा. फरशीवर हळदीचं पाणी, नाचणारे अनवाणी, गाणारी बाई अनवाणी, माइक ओठांना टेकलेला. 1972 साली स्टोन द क्रोज या बँडचा गिटारिस्ट लेस्ली हार्वे वेल्समधल्या स्वान्सीला भर कार्यक्रमात शॉक लागून मेला. हातात गिटार होती आणि अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागला, एवढंच कारण. तिकडे पन्नास वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आपण आज पक्कड घेऊन उलटी करतोय.

घूं घालवायचे सरळ उपाय आहेत. पहिला फुकटचा: स्पीकर, कीबोर्ड आणि शक्य असेल तर मिक्सर एकाच बोर्डावर घ्या. लॅपटॉप यूएसबीने जोडला असेल तर चार्जर काढून बघा, बऱ्याचदा चोर तोच निघतो. तरीही राहिला तर डीआय बॉक्स घ्या, म्हणजे कीबोर्ड आणि मिक्सरच्या मध्ये लावायची छोटी डबी, आणि पुढे मिक्सरपर्यंत कॅनन केबल (तीन पिनांची एक्सएलआर) टाका. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं छोटं बटन असतं. ते आवाजाच्या वायरीची जाळी तोडतं, विजेची अर्थिंग नाही. फरक सगळा इथेच आहे. पिन कापलेल्यांनी दुसरं काही करण्याआधी नवा प्लग बसवावा, आणि बोर्डात अर्थिंगची वायर खरोखर येते का हे वायरमनकडून बघून घ्यावं.

आता वॅट. खोक्यावरचा मोठा आकडा बहुतेक वेळा पीकचा असतो, म्हणजे क्षणभर टिकणारा. यामाहाचा स्वतःचा तक्ता उघडून बघा. त्यांचा 10 इंची स्पीकर डीबीआर10 हा 700 वॅटचा म्हणून विकला जातो, सलग ताकद 325 वॅट. 15 इंची मोठा भाऊ डीबीआर15 हा 1000 वॅटचा, सलग 465. आणि जास्तीत जास्त आवाज? लहानाचा 129 डेसिबल, मोठ्याचा 132. तीनच डेसिबलचा फरक. वजन मात्र साडेदहा किलोवरून 19.3 किलोवर जातं. मधला डीबीआर12 सुद्धा 1000 वॅटचाच, वजन 15.8 किलो. म्हणजे वॅटचं आणि 15 इंचाचं, अशी दोन गुपितं एकाच तक्त्याने निकालात निघाली.

हिशेब असा: वॅट दुप्पट केले तर तीनच डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. 1000 च्या जागी 2000 चा स्टिकर बघून जास्तीचे पैसे मोजणारा त्या तीन डेसिबलचे पैसे मोजतो, तेही स्टिकर खरा असेल तर. दुकानात गेलात तर तक्त्यातलं 'मॅक्स एसपीएल', म्हणजे जास्तीत जास्त आवाजाचे डेसिबल, विचारा, सलग वॅट विचारा, आणि स्पीकर एका हाताने उचलून बघा. पारोळ्याहून रात्री दीडला बाइकवर परतताना मागच्या सीटवर कीबोर्डची बॅग आणि वीस किलोचं खोकं कसं बांधायचं, ते मेसेज लिहिणाऱ्याने एकदा करून दाखवावं.

15 इंचाच्या बाजूने एक गोष्ट कबूल करावी लागेल. कीबोर्डची ऱ्हिदम लावून एकट्यानेच मोकळ्या मैदानात नाचायला लावायचं असेल तर 10 इंचाला किक ड्रमचा धक्का जमत नाही. तिथे 15 घ्या, नाहीतर खाली सब (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर) लावा. पण आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पब्लिकसाठी साउंडवाल्याचे मोठे स्पीकर (टॉप) उभे असतातच, आपला स्पीकर आपल्याला ऐकू यावं म्हणून असतो. 61 पट्ट्यांच्या कीबोर्डचा सगळ्यात खालचा सा (सी), ऑक्टेव्ह न हलवता, साधारण 65 हर्ट्झचा. चांगला 10 इंची तिथपर्यंत पोचतो.

एकच स्पीकर पुरे, हे अर्धं बरोबर. मांडवात खरंच कुणी स्टिरिओ ऐकत नाही. पण मग वायर कीबोर्डच्या 'एल/मोनो' लिहिलेल्या जॅकमध्येच लावा, आरमध्ये नको. एकट्या आरमध्ये लावली तर स्टिरिओ आवाजाचा उजवा अर्धाच बाहेर येतो. आणि मोनो केल्यावर काही पियानोचे टोन पोकळ वाटतात. तसं झालं तर टोन बदला, स्पीकरला शिव्या देऊ नका.

ब्लूटूथवर कीबोर्ड वाजवा म्हणणाऱ्याने स्वतः कधी पट्टीला बोट लावलंय का, शंका येते. साध्या ब्लूटूथ स्पीकरवर आवाज सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या भागाने उशिरा येतो. म्हणजे तुम्ही स्पीकरपासून 35 ते 70 मीटर लांब उभं राहून वाजवताय. ढोलकीवाला निघून जाईल. ब्लूटूथ मध्यंतरात मोबाइलवरची गाणी लावायला.

राहिला ट्रॉली स्पीकर. केळीच्या मळ्यात भरीत पार्टी असेल, वीज नसेल, पंधरा-वीस माणसं असतील तर बॅटरीचा स्पीकर कामाचाच, मीही नेतो. पण चाकं आणि दिवे लावलेले जे बाजारात मिळतात, त्यातल्या बऱ्याच जणांत एकच माइकचा जॅक आणि एक ऑक्स (मोबाइलची वायर लावायचा छोटा जॅक) असतो. कीबोर्ड माइकच्या जॅकमध्ये घातला की आवाज फाटतो, कारण कीबोर्डचा सिग्नल माइकपेक्षा कितीतरी जोरात येतो. लाइन इनपुट, म्हणजे असा जोरदार सिग्नल घेणारा जॅक, वेगळं आहे का, गायकाचा आणि कीबोर्डचा व्हॉल्यूम वेगवेगळा फिरतो का, एवढं बघितल्याशिवाय पैसे काढू नका. बॅटरीचे खोक्यावरचे तास मध्यम आवाजाचे असतात, फुल करून वाजवलं तर ते पटकन घटतात. आणि मे महिन्यात भुसावळच्या दुपारी काळा स्पीकर उन्हात ठेवला तर वॅट कितीही असोत, आतला अॅम्प तापून स्वतःच आवाज कमी करतो किंवा बंद पडतो. मागच्या जाळीला हवा लागेल असा, सावलीत ठेवा.