घरपट्टीची बाकी वेगळी, निराधारचा दाखला वेगळा

"आधी बाकी भरा, मग दाखला." फेब्रुवारी-मार्चमध्ये ग्रामपंचायतीत कशालाही जा, हे ऐकू येतंच. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणतात (हल्ली त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात कोण म्हणतंय), शिपाई म्हणतो, कधीकधी ओट्यावर बसलेला माजी सदस्यही म्हणतो, ज्याची स्वतःची पाणीपट्टी कधीची तुंबलेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे. थकबाकी वसूल करा, जरूर करा. पण ती दाखल्याला बांधू नका. आणि तो दाखला संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ या सरकारी पेन्शन योजनांच्या अर्जासाठी लागत असेल तर अजिबात बांधू नका.

मी लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं काम करतो, त्यामुळे हे रोज समोर येतं. परवा एक मावशी आल्या. नवरा गेल्याला वर्ष व्हायचंय. हातात मिठाईच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधार, आणि चार घड्या घातलेलं घरपट्टीचं बिल. बिलावर रकाने: घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी. चालू मागणी हजाराच्या आत. "मागील बाकी" या रकान्यात मात्र चालू मागणीच्या कितीतरी पट आकडा. आणि बिलावर नाव सासऱ्यांचं, जे नवऱ्याच्याही आधी गेलेत. म्हणजे सासऱ्यांची बाकी, नवऱ्याची बाकी आणि आता तिची, सगळी एका ओळीत. ही ओळ पूर्ण भरल्याशिवाय निराधारच्या दाखल्यावर सही नाही, असं सांगितलं गेलं. मावशींनी बचत गटातून कर्ज उचललं, महिना 2 टक्क्यांनी, आणि भरली. महिना 1,500 रुपयांच्या पेन्शनचा नुसता अर्ज करायला कर्ज! पेन्शन मंजूर व्हायची ती पुढे तालुक्याच्या समितीची बैठक होईल तेव्हा.

आणि गंमत बघा, त्यांच्या पिवळ्या रेशनकार्डाकडे कुणी नीट पाहिलं नाही. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस 18 ते 59 वयात गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून घरच्यांना एकरकमी 20,000 रुपये मिळतात. अर्ज तहसीलमध्येच, निराधारच्याच टेबलाला. घरपट्टीची बाकी तोंडपाठ असलेल्या ऑफिसात ही योजना कुणाच्या तोंडून निघाली नाही. घेणं पाठ असतं, देणं मात्र विचारल्याशिवाय आठवत नाही.

आता नियमाचं. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. ग्रामपंचायतीने कोणत्या सेवा किती दिवसांत द्यायच्या त्याची यादी त्याखाली निघालेली आहे. तिच्यात "निराधार असल्याचा दाखला" ही एक सेवा आहे आणि "ग्रामपंचायत येणे बाकी नसल्याचा दाखला" ही दुसरी. नमुना 8 चा (म्हणजे घराच्या कर आकारणीचा) उतारा तिसरी. शासनानेच या गोष्टी वेगवेगळ्या मोजल्यात. माणूस निराधार आहे का, हा एक प्रश्न. त्याने कर भरलाय का, हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर "नाही" असेल तर पहिल्याचं उत्तर बदलत नाही. उलट जास्त पक्कं होतं. घरपट्टी भरायला पैसे नाहीत यापेक्षा निराधारपणाचा मोठा पुरावा तो काय हवा?

मी ज्यांना ज्यांना विचारलं, "बाकी असेल तर हा दाखला देऊ नये असं कुठे लिहिलंय?", त्यांचं उत्तर एकच: "ग्रामसभेचा ठराव आहे." ठराव दाखवा म्हटलं की प्रोसिडिंग बुक (ठरावांची वही) दुसऱ्या कपाटात असतं, आणि त्या कपाटाची किल्ली दुसऱ्या माणसाकडे. लेखी नियम आहे तो सदस्यांसाठी. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 14 प्रमाणे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. म्हणून तर निवडणूक लागली की वर्षानुवर्षांची बाकी एका दुपारी भरली जाते. ज्याच्यासाठी कायदा आहे तो पाच वर्षांतून एकदा पाळतो, आणि जिच्यासाठी नाही तिला मात्र रोज ऐकवला जातो.

दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. ग्रामपंचायतीचं स्वतःचं उत्पन्न म्हणजे प्रामुख्याने घरपट्टी-पाणीपट्टी. दिव्याचं बिल, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, मोटर जळली की रिवाइंडिंग, सगळं त्यातूनच. शिवाय कर्मचाऱ्यांच्या पगाराचा शासनाकडून येणारा हिस्सा वसुलीच्या टक्केवारीला बांधलेला. म्हणजे नळ सोडणाऱ्या माणसाचा पगार त्या मावशींच्या बाकीवर अडकलेला. दोन गरिबांना समोरासमोर उभं करून वर बसलेल्यांनी टक्केवारीचा तक्ता मागवायचा, अशी ही व्यवस्था आहे. त्या शिपायावर मला राग नाही. पण त्याचा पगार वेळेवर व्हायचा उपाय विधवेचा दाखला अडवणं हा नव्हे. गावातले दोन मजली बंगलेवाले, पेट्रोल पंपवाले, मंगल कार्यालयवाले यांच्याकडे किती बाकी आहे ती यादी नमुना 9 मध्ये, म्हणजे कराच्या मागणीच्या नोंदवहीत असते. तिथून सुरुवात करा की! पण त्यांना दाखला लागत नाही, लागला तर घरपोच जातो.

शहरात चित्र वेगळं, पण बरं नाही. महापालिका आणि नगरपालिका थकीत मालमत्ता करावर महिन्याला 2 टक्के शास्ती, म्हणजे दंड, लावतात. म्हणजे वर्षाला 24. बँकेचं घरकर्ज याच्या निम्म्याहून कमी दराने मिळतं. 12,000 ची बाकी असेल तर शास्तीच वर्षाला 2,880 रुपये, म्हणजे निराधारच्या जवळजवळ दोन महिन्यांच्या पेन्शनइतकी. मग पाच-सात वर्षांनी अभय योजना येते, शास्तीत मोठी सूट मिळते, पेपरात फोटो येतात. फायदा कुणाला? ज्याच्याकडे मूळ रक्कम एकदम टाकायची ताकद आहे त्याला. हजार-पाचशे करत रडतखडत भरणाऱ्याने शास्ती आधीच भरलेली असते, ती परत मिळत नाही. वेळेवर न भरणाऱ्या श्रीमंताला सूट आणि उशिरा का होईना भरणाऱ्या गरिबाला चोवीस टक्के, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

सवलती आहेत, पण त्या घराचं क्षेत्रफळ बघून किंवा फॉर्म बघून. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 1 जानेवारी 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे, चांगलंच आहे. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला 40 टक्के सवलत 2023 मध्ये पुन्हा सुरू झाली, पण त्यासाठी पीटी-3 फॉर्म पुराव्यानिशी द्यावा लागला. ज्यांच्या घरात कुणी शिकलेलं होतं त्यांनी दिला. घरातल्या माणसांची कमाई किती, हे मात्र मालमत्ता कराच्या बिलावर कुठे विचारलेलं मी पाहिलेलं नाही.

आणि जिथे कमाई विचारतात, तिथे काय विचारतात तेही बघा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 21,000 रुपये. महिन्याला 1,750. दिवसाला 57 रुपये आणि वर काही पैसे, तेही अख्ख्या कुटुंबाचे. 2025-26 साठी रोजगार हमीचा महाराष्ट्रातला रोजचा दर 312 रुपये होता. घरातल्या एका माणसाने वर्षात 68 दिवस रोजगार हमीवर काम केलं की ते कुटुंब मर्यादेच्या बाहेर! पेन्शनची रक्कम 600 ची 1,000 झाली, 2023 मध्ये 1,500 झाली, दिव्यांगांना तर ऑक्टोबर 2025 पासून 2,500 झाली. त्यांची उत्पन्न मर्यादा 50,000 आहे. बाकीच्यांची 21,000 काही हलली नाही. इकडे 2024 मध्ये लाडकी बहीण आली, तीही 1,500 चीच, आणि तिची मर्यादा अडीच लाख. पुन्हा सांगतो: रक्कम तेवढीच. एकीला अडीच लाखांपर्यंत उत्पन्न चालतं, दुसरीला 21,000 च्या वर एक रुपया चालत नाही. दुसरी विधवा आहे, एकटी आहे, आजारी आहे, म्हणून तिच्यासाठी गाळणी बारीक.

याचा परिणाम सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. 21,000 चा उत्पन्नाचा दाखला ही आपण सगळ्यांनी मिळून मान्य केलेली थाप आहे. अर्जदार तेवढंच उत्पन्न लिहितो, तलाठ्याचा अहवाल तेवढाच येतो, तहसीलदारांची सही त्याच्यावरच होते. खरं लिहिलं तर अर्ज बाद. म्हणजे शासन प्रामाणिक बाईला खोटं लिहायला लावतं, आणि उद्या कुणाशी वाकडं आलं की तोच कागद तिच्याविरुद्ध काढता येतो. घरकामाला जाणाऱ्या बाईला "कुणी तक्रार केली तर पेन्शन बंद होईल" या धाकात वर्षं काढायला लागतात, आणि तो धाक गावातले काही लोक बरोबर वापरतात.

आता थोडं कामाचं, कारण नुसतं चिडून पोट भरत नाही.

बाकी मान्य करायच्या आधी तिचा हिशेब मागा. कोणत्या वर्षाची किती, हे नमुना 9 वर असतं. जुन्या पावत्या (नमुना 10) घरात पत्र्याच्या पेटीत असतील तर शोधा. भरलेली रक्कम पुढच्या वर्षी बाकीत दिसते असं मी कमी वेळा पाहिलेलं नाही. पडलेल्या घरावर, एकाच घराच्या दोन नोंदींवर पट्टी चालू असते तीही तपासा. एकदम भरता येत नसेल तर लेखी अर्ज द्या: "मी इतके आज भरते, उरलेले अमुक हप्त्यांत." पोच घ्या. भाग भरणा घेतला जातो, "सिस्टीम घेत नाही" हे दर वेळी खरं नसतं. घर मयताच्या नावावर असेल तर वारस नोंदीचा अर्ज त्याच दिवशी द्या, नाहीतर उद्या घरकुलाच्या वेळी तेच आडवं येतं.

दाखल्याचा अर्ज तोंडी करू नका. लेखी किंवा आपले सरकार पोर्टलवर करा, म्हणजे तारीख पडते. लोकसेवा हक्क कायद्यात नकार द्यायचा तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि त्यावर अपील आहे. "घरपट्टी बाकी आहे म्हणून निराधार दाखला नाकारला" असं कागदावर लिहून द्या म्हटलं की बरेचदा दाखलाच मिळतो. हे वाक्य म्हणताना आवाज चढवायची गरज नाही. सोबत कुणी असलेलं मात्र बरं.

पेन्शन मंजूर झाली आणि पैसे येत नाहीत, हे हल्लीचं नवीन. आता रक्कम आधारला जोडलेल्या खात्यात थेट येते. तुमचं आधार शेवटी ज्या बँकेत जोडलं गेलं, तिथे. एका आजींनी महिनोन्‌महिने जुन्या बँकेत चकरा मारल्या, पासबुक भरून घेतलं, "काही आलं नाही" ऐकून परत आल्या. पैसे जात होते नातवाने मोबाइलवरून उघडून दिलेल्या दुसऱ्याच खात्यात, ज्याचं अस्तित्व आजींना माहीतच नव्हतं आणि नातू विसरला होता. तेव्हा पेन्शन बंद पडली म्हणून तहसीलला जायच्या आधी आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते तपासून घ्या. आणि हयातीचा दाखला दरवर्षी वेळेत द्या. त्यासाठी बोटांचे ठसे उमटत नसतील तर परत पाठवलं म्हणून गप्प बसू नका; माणूस समोर जिवंत उभा आहे, तो कागदावर घ्यायची जबाबदारी ऑफिसची आहे.

वरच्या गोष्टी एकेकट्याने करायच्या. मर्यादा 21,000 वरून वाढवणं हे मुंबईतलं काम आहे, त्यासाठी आमदारांच्या मागे लागावं लागेल. पण दाखला आणि बाकी वेगळी करणं गावाच्या हातात आहे. ठरावाने बांधलं असेल तर ठरावानेच सोडता येतं. येत्या ग्रामसभेत विषय घ्या: निराधार, विधवा, दिव्यांग, वृद्ध यांचे दाखले थकबाकीसाठी रोखू नयेत, पेन्शनवर जगणाऱ्यांची बाकी हप्त्याने घ्यावी, आणि सर्वात मोठ्या पंचवीस थकबाकीदारांची नावं सभेत वाचून दाखवावीत. तिसऱ्या मुद्द्यावर आरडाओरडा होईल, होऊ द्या. पहिले दोन त्या गडबडीत मंजूर होऊन जातील.

ठरावाचा एक पानाचा मसुदा मी तयार केलाय. विषय ग्रामसभेच्या आधी लेखी द्यावा लागतो, आयत्या वेळी उठलात तर "वेळेवर येणारे विषय" म्हणून शेवटी ढकलतात. पाहिजे त्यांनी इनबॉक्समध्ये गावाचं आणि तालुक्याचं नाव टाका, पाठवतो.