खुलासा : वकांडा नकाशावर नाही

वकांडा हा ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटातला काल्पनिक आफ्रिकी देश. पण ‘अमेरिकेचा वकांडाशी मुक्त व्यापार करार होता, म्हणजे तो देश खराच’ असा मजकूर पुन्हा फिरतोय. यातला निम्मा भाग खरा आहे, म्हणूनच लोक फसतात. डिसेंबर 2019 मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या आयातशुल्काच्या ऑनलाइन यादीत वकांडाचं नाव खरोखर होतं, सोबत बदकं, गाढवं आणि दुभत्या गायींच्या नोंदीही! कर्मचाऱ्यांनी चाचणीसाठी भरलेली ती माहिती चुकून राहिली होती, असं खात्याने सांगितलं आणि नाव काढून टाकलं. करार वगैरे काही नव्हता.

वकांडा 1966 साली मार्व्हल या अमेरिकी कंपनीच्या कॉमिक्समध्ये जन्मला. ‘तिथे लोकशाही आहे’ असंही काहीजण म्हणतात, तेही चूक. 2018च्या ‘ब्लॅक पँथर’मध्ये तिथे राजा आहे, जमातींच्या वडीलधाऱ्यांची सभा आहे आणि गादीसाठी धबधब्यावर द्वंद्व होतं. डोंगरातली जबारी जमात तर त्या सभेपासून फटकूनच राहते. (आपल्याकडच्या भाऊबंदकीची आठवण यावी असा प्रकार.)

खरं काय असेल, तर भाषा. चित्रपटातली पात्रं बोलतात ती खोसा दक्षिण आफ्रिकेची एक अधिकृत भाषा आहे, नेल्सन मंडेलांची मातृभाषा. आणि सीमेवरच्या जमातीच्या अंगावरची घोंगडी दक्षिण आफ्रिकेने वेढलेल्या लेसोथो या छोट्या देशातल्या बासोथो लोकांची.