बाग सर्वांची, गाणी आपली

बागेत फिरायला जायचं आणि कानात बोंडं घालून एकट्यानेच गाणी ऐकायची, याच्याइतका आपमतलबीपणा दुसरा नसेल. तेव्हा इयरफोन घरी ठेवा.

नुसत्या फोनवर भागवू नका. त्याचा स्पीकर नखाएवढा. त्यातून तबल्याची चाट तेवढी ऐकू येते, डग्गा बेपत्ता होतो. पाण्याच्या बाटलीएवढा ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि सिमेंटच्या कट्ट्यावर, मागे कंपाउंडची भिंत येईल अशा कोपऱ्यात ठेवा. भिंत आणि कट्टा मिळून खर्ज उचलून धरतात. लोखंडी बाकावर ठेवलात तर पट्ट्या झणझणतात आणि स्पीकर थरथरत कडेला सरकतो. फोन पँटच्या मागच्या खिशात नको. ब्लूटूथच्या लहरी शरीरातलं पाणी गिळून टाकतं आणि ऐन समेवर गाणं अडखळतं.

थोडा हिशेब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर ८५ असेल, तर दोनवर ७९, आठवर ६७, बत्तीसवर ५५. निवासी भागाची दिवसाची मर्यादाही ५५च. म्हणजे बत्तीस मीटरपलीकडे बसलेली मंडळी कायद्याच्या संरक्षणात आणि अलीकडची तुमच्या पाहुणचारात. एवढ्या वर्तुळात बागेतला लहान मुलांचा कोपरा, निम्मा ट्रॅक आणि वर्तमानपत्र उघडून बसलेले तीन आजोबा सहज मावतात.

वेळ पहाटे साडेपाचची. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत रात्र दहाला सुरू होते आणि सकाळी सहाला संपते. तोवर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही आणि मर्यादा ४५वर येते. पण तुम्ही रात्री कुठे लावताय? तुम्ही तर पहाटे लावताय, आणि तेही भक्तिगीतं! हा मुद्दा पाठ करून ठेवा. डेसिबल मोजणाऱ्या यंत्राला अभंग आणि आयटम साँग यांतला फरक कळत नाही, पण माणसांना कळतो. आठच्या आत देवाच्या गाण्याला ‘कमी करा’ म्हणायची कुणाची टाप नसते. फक्त यादी आधी तपासा. ॲप फुकटातलं असेल तर काकड आरतीनंतर थेट बनियनची जाहिरात लागते.

फिरता कार्यक्रम करायचा असेल तर स्पीकर हातात घेऊन चाला. इथे दिशा महत्त्वाची. चारशे मीटरच्या ट्रॅकवर तुम्ही आणि समोरचा दोघेही ताशी पाच किलोमीटरने उलट दिशांनी चालत असाल, तर साधारण दर १४४ सेकंदांनी भेट होते आणि प्रत्येक भेटीत त्याच्या कानी दहा-अकरा सेकंदच नीट गाणं पडतं. पाच मिनिटांच्या गाण्यातून त्याच्या वाट्याला अर्धा मुखडा आणि बासरीचा एक तुकडा येतो, आणि तेवढंच अर्धवट दिवसभर डोक्यात घोळत राहतं. त्यापेक्षा त्याच्याच दिशेने, त्याच्याच वेगाने, तीन पावलं मागे चाला. पूर्ण अल्बम होतो. तो बुटाची नाडी बांधायला वाकला तर तुम्हीही थांबा, माणुसकी म्हणून.

बागेत तुम्ही एकटे नसणार, हे मात्र गृहीत धरा. पलीकडे ओंकार चाललेला असतो, त्याच्या पलीकडे झुंबा, आणि मधल्या हिरवळीवर हास्यक्लब. (हा प्रकार १९९५ साली मुंबईत लोखंडवाला वसाहतीतल्या एका बागेत सुरू झाला, तेव्हा त्याला स्पीकरची गरज पडली नव्हती.) आजूबाजूचा आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही चढवतो. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली हे नोंदवलं. त्याच्याच नावाने ते ओळखलं जातं. तुम्ही दोन बटणं वर नेलीत की ओंकाराचे शिक्षक माइक काढतात, मग झुंबावाल्या मॅडम खोक्याएवढा स्पीकर मागवतात, आणि बाकावरच्या दोन मैत्रिणी सुनेबद्दलची खासगी गोष्ट अख्ख्या बागेला ऐकू जाईल अशी बोलू लागतात. हरू नका.

कुणी जवळ येऊन “अहो काका, जरा हळू ठेवता का?” म्हणालंच, तर “हो हो, का नाही!” म्हणून त्याच्यादेखत दोनदा वजाचं बटण दाबा. तो ट्रॅकच्या वळणाआड गेला की दर दोन मिनिटांनी एकेक पायरी चढवा. हळूहळू वाढलेलं कुणाच्या लक्षात येत नाही. शिवाजी पार्कात मात्र जपून. उच्च न्यायालयाने २०१० साली ते शांतता क्षेत्रात घातलं आहे, आणि कट्ट्यावरच्या काही ज्येष्ठांना हे तोंडपाठ आहे.

राहता राहिली बॅटरी. बरोबर पावणेसातला स्पीकरमधली बाई इंग्रजीत ‘बॅटरी लो’ म्हणते आणि गाणं कडव्याच्या मध्येच तुटतं. पहिले काही सेकंद सगळे नुसते चालत राहतात. मग माळ्याच्या झारीचा आवाज येतो, झाडावर तांबट टुक टुक करत असतो, आणि एक आजोबा वर्तमानपत्र खाली करून वर बघतात. फार वेळ बघू देऊ नका. पॉवर बँक डाव्या खिशात ठेवत चला.