‘वाचलास ना, मग झालं तर!’

गेल्या जूनमध्ये, पहिल्या पावसात, गोव्यात कुंडईजवळ माझी स्कूटर घसरली. उन्हाळाभर रस्त्यावर सांडलेलं तेल पहिल्या सरीबरोबर वर येतं, हे मी दरवर्षी दुसऱ्यांना सांगणारा माणूस. टेम्पोच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबलो. मांडीचं हाड मोडलं, पोटात प्लीहा फुटली. मांडीचं हाड मोडलं की लिटरभर रक्त आतल्या आत वाहून जाऊ शकतं, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की भर उकाड्यात मला थंडी वाजतेय.

एक मोटरसायकल पायलट, म्हणजे आमच्याकडचा मोटरसायकल-टॅक्सीवाला, थांबला. चार जण मला उचलायला धावले, त्यांना त्याने अडवलं, १०८ ला फोन केला आणि अँब्युलन्स येईपर्यंत माझं डोकं धरून बसला. नाव न सांगताच गेला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं, त्यानुसार मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही. चांगलाच कायदा. फक्त आता फोंड्याच्या स्टँडवर पिवळी-काळी मोटरसायकल दिसली की मी चेहरे बघत बसतो.

मांडीत रॉड बसला, प्लीहा काढली. प्लीहा नसलेल्याला साधा तापही अंगावर काढता येत नाही, म्हणून न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची वगैरे लस घेतली. त्यानंतर फिजिओथेरपी. गुडघा ९० अंशांत वाकला त्या दिवशी बायकोने शेजारी पेढे वाटले. शरीराचं असं बरं असतं, अंशांत मोजता येतं.

घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, ‘देवान वाटायलो रे तुका!’ देवानेच वाचवलं तुला. खरंच आहे. पण या वाक्यानंतर बोलायला जागाच उरत नाही. वाचलेल्या माणसाने तक्रार कसली करायची? रात्री दोन वाजता टेम्पोचा ब्रेक कानात वाजतो, कदंबच्या बसमध्ये बसलं की उजवा पाय आपोआप खाली दाबला जातो, पावसाचा वास आला की तळहात ओले होतात, हे कुणाला सांगणार? मी पाच वेळा फेरतपासणीला गेलो. हाड जुळतंय का ते पाहिलं, टाके पाहिले, वजन केलं. ‘झोप लागते का?’ असं एकदाही कुणी विचारलं नाही. माझा राग आहे तो यावर. हा प्रश्न विचारायला मशीन लागत नाही.

आणि ते ‘वाघ आहेस तू’ म्हणणारे! त्यांच्यामुळे मी तीन महिने वाघ होऊन अंथरुणात रडलो.

शेवटी बायकोच मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन गेली. जाताना ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी मास्क लावला होता. संमोहनाच्या अभ्यासात जगभर नाव झालेला आबे फारिया आमच्या कांदोळीत जन्मला, पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला त्याचा पुतळा आहे, त्याच्यासमोर आम्ही फोटो काढतो. आणि मनाच्या डॉक्टरकडे जाताना तोंड झाकतो.

डॉक्टर म्हणाल्या, अपघातानंतर पहिले काही आठवडे असं होणं साहजिक आहे. महिना उलटूनही सुटत नसेल तर तो आजार समजायचा, आणि त्याला उपचार आहेत. उपचार म्हणाल तर अगदी पोरखेळ वाटावा असा. आधी अंगणात उभ्या स्कूटरवर नुसतं बसायचं. आठवडाभर तेवढंच. मग इंजिन सुरू करायचं. मग वाड्याच्या टोकापर्यंत, बायको मागे. पहिल्या दिवशी किल्ली फिरवली आणि उलटी झाली. शेजारच्या काकी तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. त्यांचे उपकार.

आता म्हार्दोळपर्यंत जातो. कुंडईचा रस्ता अजून नाही.

मांडी घालून बसताही येत नाही, आणि मी भजनात पेटी वाजवणारा. मंडळाने यंदाच्या सप्ताहाला मला खुर्ची आणि पेटीला उंच स्टूल द्यायचं ठरवलंय. पखवाजवाला म्हणतो, तू वर बसलास तर आम्ही खालून तुझे पाय बघत वाजवायचं काय? म्हटलं, बघ, एकात रॉड आहे, ताल तिथूनच घे.