लॉकहीडच्या चेकचा मेसेज फॉरवर्ड करू नका

रंकाळ्यावर फिरणाऱ्या आपल्या ग्रुपवर सकाळपासून मेसेज फिरतोय की लढाऊ विमानं बनवणारी लॉकहीड मार्टिन कंपनी अमेरिकेत खासदारकीच्या उमेदवारांना थेट स्वतःच्या खात्यातनं चेक देते, तर भावांनो तसं नाही, तिथं फेडरल म्हणजे केंद्राच्या निवडणुकीत कंपनीच्या पैशातनं उमेदवाराला देणगी द्यायला बंदीच आहे. देणगी जाते ती कर्मचाऱ्यांच्या वर्गणीवर चालणाऱ्या पीएसी नावाच्या फंडातनं, एका उमेदवाराला एका निवडणुकीला जास्तीत जास्त ५,००० डॉलर. लॉबिंग, म्हणजे सरकार नि खासदारांकडं आपलं म्हणणं रेटणं, मात्र कंपनी स्वतःच्या पैशानं करते, ते कायदेशीर आहे आणि त्याचा खर्च दर तीन महिन्याला जाहीर करावा लागतो (खरी गंमत तिथंच हाय, पण ते कोण वाचतंय). आणि आपली एचएएल (विमानं बनवणारी सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्स) पण पक्षांना देणगी देते म्हणणाऱ्यांनो, सरकारी कंपनीला कंपनी कायदा २०१३ च्या कलम १८२ नं मनाई आहे.