खाटेआधी आधार कार्ड?

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचा व्हॉट्सॲप ग्रुप चार दिवस पेटलाय. जवळच्या बंद पडलेल्या पालिका शाळेत बेघरांसाठी रात्र निवारा होणार, अशी कुणकुण लागली आणि विरोधाचं पत्र फिरू लागलं. माणसं घाबरतात, ते मी समजू शकते. पण "ठाण्याचं आधार कार्ड असेल त्यालाच आत घ्या" या एका वाक्याने माझी झोप उडवली आहे. चोरीला जाऊ नयेत म्हणून चपला उशाला घेऊन जो झोपतो, त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागायचा?

मी 14 वर्षं न्यूयॉर्कमधल्या क्वीन्स भागात राहते. इथे 1979 साली रॉबर्ट कॅलहन या बेघर माणसाच्या नावाने न्यूयॉर्कवर खटला गुदरला गेला. 1981 मध्ये तडजोड झाली आणि रस्त्यावरच्या माणसाला निवारा देणं शहराला बंधनकारक झालं. कॅलहन तोवर रस्त्यावरच वारला होता. त्या करारनाम्यात खाट किमान 30 इंच रुंद हवी, दोन स्वच्छ चादरी हव्यात, उशीला अभ्रा हवा, असं लिहिलंय. अभ्रा! मी ते वाचलं तेव्हा रडले होते. जानेवारीत रस्त्यावरच्यांची मोजणी होते, तिला मीही एकदा रात्रभर गेले होते. सेव्हन ट्रेन या इथल्या मेट्रोच्या जिन्याखाली एक आजोबा पुठ्ठ्यावर बसले होते. आज रात्री झोपायला जागा आहे का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. कागदपत्रं दाखवा, असं आम्ही कुणालाच म्हटलं नाही.

हो, 2024 मध्ये इथे नव्याने आलेल्या एकट्या स्थलांतरितांना निवाऱ्यात राहायला 30 दिवसांची मर्यादा घातली गेली, हे ग्रुपवर कुणीतरी काढेलच. ते वाईटच झालं. म्हणून आपणही तेच करायचं का?

आणि आपल्याकडे काही लिहिलेलंच नाही, असंही नाही. 2013 च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांसाठी चोवीस तास उघडा निवारा सांगितला होता. 2011 च्या जनगणनेत ठाणे 18 लाखांच्या वर होतं. म्हणजे 1,800 माणसांची सोय तेव्हाच हवी होती, आणि आपण एका शाळेवरून भांडतोय. उलट 1959 चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. पोट भरायचं साधन न दिसणाऱ्या, भटकणाऱ्या माणसालाही त्याखाली उचलता येतं. उचलताना आधार कार्ड लागत नाही.

"तिकडे बसून बोलायला काय जातं? तुझ्या दारात नाही ना होणार," वहिनीने लिहिलं. लागलं मला. अगं, आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात दोन वर्षं निवारा होता, लेकीला शाळेत सोडताना रोज त्याच्यासमोरून जायचे. पहिले काही आठवडे मी तिचा हात घट्ट धरायचे, हेही सांगते. मग सवय झाली, मग ओळखी झाल्या.

पण वहिनीच्या त्या वाक्यानंतर मी माझं आधार कार्ड काढून पाहिलं. पत्ता ठाण्याचा, आपल्या जुन्या इमारतीचा. इमारत पाडून वर्ष झालं, तिथे आता पत्रे ठोकलेला खड्डा आहे. बाबांच्या मागे फ्लॅट माझ्या नावावर आला, म्हणून मी सभासद. उद्या मी बॅग घेऊन त्या शाळेच्या दारात उभी राहिले, तर तुमच्या नियमाने मला खाट मिळेल. आणि नाक्यावर उभा राहून दहा-बारा वर्षं ठाण्याचे रस्ते खणणारा, कार्डावर जालन्यातल्या गावाचा पत्ता असणारा माणूस बाहेर राहील. आमच्या दोघांत ठाण्याचं कोण? मला तरी माझं नाव घेववत नाही.

त्या विरोधाच्या पत्राखाली सभासदांच्या यादीत मला न विचारता माझं नाव घातलंय. सेक्रेटरीकाका, ते आजच खोडा.