गिऱ्हाईक ‘भावामुळे’ गेलं म्हणतं तेव्हा

नमस्कार काका,

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: खराब माल आणि सोडून जाणारं गिऱ्हाईक मी एकाच खात्यात टाकले, ते चूक. माल बिघडला तर खोट कारखान्याची, गिऱ्हाईक गेलं तर खोट त्याच्या इमानात; मुंबईत दहा रुपयांसाठी लोक दुकान बदलतात. शिवाय अशा गिऱ्हाइकाला तुम्ही पक्ष बदलणाऱ्या आमदाराच्या पंक्तीला बसवलंत, आणि स्पर्धकाकडे गेलेल्या तुमच्या सेल्समनवरही राग काढलात. लोहार चाळीत, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, हयात घालवलेला माणूस हे म्हणतोय, त्यामुळे हसण्यावारी नेणार नाही. पण मला पटत नाही.

हे एक खातं मी उघडलेलं नाही. फ्रेडरिक राईकहेल्ड आणि अर्ल सॅसर यांनी १९९० साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये हेच मांडलं. कारखान्यात रिजेक्ट माल कोपऱ्यात साचलेला दिसतो. सेवेच्या धंद्यात परत न येणारं गिऱ्हाईक हेच भंगार, आणि ते नजरेला पडत नाही. गळती ५ टक्क्यांनी कमी केली तर नफा २५ ते ८५ टक्के वाढतो, हा त्यांचा आकडा सल्लागार मंडळी उठताबसता फेकतात. तो काही ठरावीक सेवाधंद्यांचा आहे, लोहार चाळीला लावू नका.

आता तुमचे दहा रुपये. वायरमनने नेलेल्या एमसीबीतल्या (फ्यूजच्या जागी बसणाऱ्या, आपोआप वीज तोडणाऱ्या स्विचांतल्या) दोन बाद निघतात. तो परत घेऊन येतो, तेव्हा काउंटरवरचा मुलगा म्हणतो, ‘कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा.’ वायरमन वाद घालत नाही, साइटवर पार्टी खोळंबलेली असते. पुढची खरेदी तो समोरच्या दुकानातून करतो. महिन्याने तुम्ही विचारलंत, तर म्हणतो, ‘शेठ, भाव जुळला नाही.’ तोंडावर ‘तुमच्या माणसाने मला हाकललं’ कोण म्हणणार? भाव ही सभ्य सबब आहे. माल एकदा बिघडला हे तो विसरला असता.

फक्त भावासाठी जाणारे असतात, नाही कसे. जिओ सप्टेंबर २०१६ मध्ये आलं तेव्हा ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्याआधीचं आठवा. २० जानेवारी २०११ ला नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर झाली. तोवर दुकानाच्या पाटीवर रंगवलेला नंबर बदलायला नको म्हणून कितीतरी जण कुरकुरत तिथेच राहिले. त्यांना निष्ठावान म्हणायचं का?

पक्षांतराशी तुलना तर नकोच. आमदाराला १९८५ पासून राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाचं, म्हणजे पक्षांतरबंदीचं, बंधन आहे, कारण तो पक्षाच्या चिन्हावर निवडून आलेला असतो. वायरमन रोख मोजून माल नेतो.

फुटलेल्या सेल्समनबद्दलचा तुमचा राग समजतो. पण नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही ही अट १८७२ च्या करार कायद्यातल्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. आणि त्याच्यामागे पार्ट्याही (नेहमीची गिऱ्हाइकं) गेल्या असतील, तर इतकी वर्षं त्यांची गाऱ्हाणी कोण ऐकत होतं?

एक करा. तुटलेल्या पार्ट्यांची शेवटची बिलं काढा आणि त्यांनी माल परत आणल्याच्या तारखा शेजारी ठेवा. काय दिसलं ते इथेच लिहा, माझ्या विरोधात गेलं तरी चालेल.